मामांचं वावर

मामांच्या दहाव्याला आम्ही राक्षसभुवनला गोदावरीच्या काठी गेलो होतो. २०२५ चा मे महिना होता. वैशाखाचं ऊन पडायच्या दिवसांत आभाळ भरून येत होतं आणि अवकाळी पावसानं काठाची वाळू ओली झाली होती. पिंड मांडले गेले. आता मागं सरकून थांबायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हे थांबणं फार अवघड असतं. कावळा येत नाही. मग एकेक जण पुढं होतो आणि हात जोडून गेलेल्याला शब्द देतो. लेकीचं लग्न करून देऊ, घराचं काम पुरं करू, धाकट्याला अंतर देणार नाही. माणसाचं आयुष्यभर मागं पडलेलं सगळं तिथं मोजलं जातं.

मामांच्या वेळी यातलं काहीच करावं लागलं नाही. पिंड ठेवून हात धुवायला आम्ही पाण्याकडं वळलो, तोच मागून पंखांची फडफड ऐकू आली. कावळ्यानं शिवलं होतं. भावकीतले एक म्हातारे टोपी सारखी करत म्हणाले, "माणसाचं काहीच राह्यलं नव्हतं."

घरी येऊन मामींना सांगितलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "त्यांचं नसंल राह्यलं. आमचं राह्यलंय."

तेव्हापासून ही दोन वाक्यं माझ्या मनात शेजारी शेजारी आहेत. माणूस काहीही मागं न ठेवता कसा जातो, आणि मग मागच्यांचं एवढं कसं राहतं, याचा मी विचार करत असते. मामा कोण होते हे सांगितल्याशिवाय मला त्याचं उत्तर मांडता येणार नाही.

मामा हौशी होते. हा शब्द आपण जरा हलक्या हातानं वापरतो. हौशी माणूस म्हटलं की संसारात फारसं लक्ष नसलेला, चार पैसे उधळणारा माणूस डोळ्यांपुढं येतो. हौसेला मोल नाही, ही म्हणही आपण खर्चाची बाजू घ्यायलाच वापरतो. मामांच्या हौसेला खरोखर मोल नव्हतं, कारण तिला पैसा लागतच नसे. लागायची ती विहीर, नदी, माळ, एखादं बोरीचं झाड आणि सोबत चार माणसं. एकट्यानं केलेली हौस त्यांना ठाऊकच नव्हती. रानात पहिलं बोर पिकलेलं दिसलं तरी ते तोंडात न टाकता खिशात घालून घरी आणायचे आणि मामींच्या तळहातावर ठेवायचे.

तलवाडा हे गेवराई तालुक्यातलं गाव. डोंगरावर त्वरिता देवीचं ठाणं. नवरात्रात दर्शनाला माणसांची रीघ लागते. खाली कापसाची रानं, बांधावर बाभळी आणि लिंब. आमच्या बीड जिल्ह्यात वर्षाचा सरासरी पाऊस साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, तोही ज्या वर्षी मनावर घेईल त्या वर्षी. दिवाळी झाली की कितीतरी घरांना कुलपं लागतात. माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, मागं म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं राहतात. अशा मुलखात माणसाला आनंद पुढं ढकलायची सवय लागते. आमच्याकडं आनंदाच्या प्रत्येक वाक्यात एक 'की' असतो. पाऊस झाला की जाऊ. कापूस विकला की घेऊ. उचल फिटली की बघू. लेकीचं उरकलं की मग मोकळेच आहोत. त्या 'की'च्या पलीकडं पोचण्याआधी माणूस थकून जातो.

मामांच्या बोलण्यात हा 'की' नव्हता. "चला" एवढंच म्हणायचे.

मी उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्याकडं जात असे. गेवराईहून एसटी तलवाड्याला पोचायची, तर मामा थांब्यावर उभे. डोक्यावर माझी ट्रंक, एका हातात माझा हात. घर येईपर्यंत वाटेतल्या प्रत्येक झाडाची खबर सांगून व्हायची. अमक्या लिंबावर होल्यानं घरटं केलंय. तमक्या बाभळीवर सुगरणीचे खोपे लोंबायलेत, पण विहिरीच्या अंगानंच, कारण तिला ठाऊक आहे, पाण्यावरच्या फांदीकडं साप लवकर जात नाही. माणसांची खबर त्यानंतर.

मला पोहायला त्यांनी शिकवलं. मळ्यातली विहीर जुन्या बांधणीची, दगडी पायऱ्यांची. मोटा बंद होऊन विजेची मोटर आली तरी बैलांची धाव तशीच होती. मामांनी माझ्या पाठीला वाळलेला भोपळा बांधला, कमरेला बैलाचा कासरा बांधला आणि त्याचं दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं. मी नऊ वर्षांची होते. शेजारच्या मळ्यातल्या एक आजी धुणं घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोरीच्या जातीला कशाला रं पोहणं? तिला काय मासोळ्या धरायच्यात?" मामा पाण्यातूनच म्हणाले, "आजी, पाण्याला पोरगा-पोरगी कळत नसतंय. बुडवायचं तर दोघांलाबी बुडवतंय. आन् विहिरीवर हंडा घेऊन कोण जातंय? पोरी जातेत का पोरं?"

त्यावर आजी काही बोलल्या नाहीत. पुढं त्यांच्या दोन नातीही आमच्यात येऊ लागल्या. मामांच्या म्हणण्यातलं खरेपण मला मोठेपणी समजलं. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की दोर-घागरीनं भागत नाही, बायाबापड्यांना विहिरीत उतरावं लागतं. निसरड्या दगडावर पाय कसा टाकायचा, श्वास कसा धरायचा, हे त्यांना कुणीच शिकवलेलं नसतं. मामांनी आम्हा पोरींना जे शिकवलं ते खेळ म्हणून शिकवलं. त्यात एक काळजी होती, आणि ती त्यांनी आम्हाला कधी दिसू दिली नाही. चौथ्या दिवशी भोपळा काढला. आठव्या दिवशी कासरा सुटला. तो कधी सुटला हे मला कळलंच नाही. मी पलीकडची भिंत शिवून परत आले, तेव्हा मामा पायरीवर बसून दोर गुंडाळत होते.

१९७२ च्या दुष्काळात मामा ऐन विशीत होते. ते दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. मिलोची लाल भाकरी आणि लेकरांना मिळणारी सुकडी यांच्या आठवणी त्या पिढीत प्रत्येकाकडं आहेत. त्याच कामांच्या अनुभवातून पुढं १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला आणि काम मागण्याचा हक्क महाराष्ट्रात कागदावर आला. मामा मात्र ७२ विषयी बोलायला लागले की आधी रात्रीच्या भजनाबद्दल बोलायचे. दिवसभर घण मारून हातांना फोड आलेली माणसं रात्री खडीच्या ढिगाशेजारी टाळ घेऊन बसत. कुणी भारूड म्हणे, कुणी सोंग आणी. मामा पक्ष्यांचे आवाज काढत. होल्याचं घुमणं, तितराची तान, पावशाचं 'पेर्ते व्हा'. त्या वर्षी पावशाचा आवाज काढला की माणसं हसता हसता डोळे पुसत, असं ते सांगायचे. "पेरायला बी न्हाई, बी भिजवायला पाणी न्हाई, आन् ह्यो आपला सांगतोय, पेर्ते व्हा!"

मी एकदा विचारलं, "मामा, पोटात अन्न नसताना हसू कसं यायचं?" ते म्हणाले, "पोट रिकामं होतं म्हणून तोंडबी बंद ठिवायचं काय?"

मला वाटतं, त्यांच्या हौसेचं मूळ इथं होतं. सुबत्ता आल्यावर हसू, असं ज्यानं ठरवलं असतं त्याला त्या वर्षी हसताच आलं नसतं. त्यांनी टंचाईतच हसायला शिकून घेतलं, आणि मग चांगलं वर्ष असो, वाईट असो, ती शिकवण सोडली नाही.

ऊसतोडीला गेलेल्यांची जी लेकरं मागं राहायची, ती थंडीत संध्याकाळी मामांच्या मळ्यात जमत. पौषात ज्वारी हुरड्यावर आली की आगटी पेटायची. गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं खुपसायची, राख झटकून गरम कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवे दाणे आधी सर्वांत लहान लेकराच्या ओंजळीत घालायचे. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. मामा रिकाम्या हातानं कुणाला घरी पाठवत नसत. त्या लेकरांचे आईबाप तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कुठल्यातरी फडात असायचे. मामा तो विषय काढत नसत. ते राक्षसभुवनची लढाई सांगत. आगटीच्या उजेडात ढेकळं मांडायची, हा निजाम, हा पेशवा, ही मधे गोदावरी. १० ऑगस्ट १७६३ ला थोरले माधवराव इथं निजामाशी लढले आणि जिंकले, तेव्हा त्यांचं वय अवघं अठरा होतं. "तुझ्या दादाएवढा," असं मामा एखाद्या लेकराला म्हणायचे, आणि त्या लेकराची मान ताठ व्हायची.

त्यांच्या रानातल्या वागण्यातली एक गोष्ट मी अगदी जवळून पाहिली आहे. बांधावरच्या हिवराच्या झुडपात फुलोरी माशीचं मोहोळ लागलं होतं. तळहाताएवढं, एका बारीक फांदीला धरून. या मोहोळात मध वरच्या बाजूला फांदीभोवती गड्ड्यासारखा असतो आणि खाली पातळ पोळ्यात माशांची अंडी-पिल्लं असतात. मामांनी गोवरीचा थोडा धूर दिला. माशा बाजूला सरकल्या. मग त्यांनी विळ्यानं वरचा मधाचा गड्डा तेवढा कापून पळसाच्या पानात घेतला. खालचं पोळं टाकून दिलं नाही. बाभळीची एक ओली काडी मधोमध चिरली, तिच्या फटीत पोळ्याची वरची कड अलगद बसवली, दोन्ही टोकं सुतळीनं बांधली आणि ती काडी पुन्हा त्याच झुडपात, होती त्याच जागी अडकवली. मी विचारलं, आता माशा परत येतील? ते म्हणाले, "लेकरं हितंच हायेत. माय कुठं जाईल?" संध्याकाळी पाहिलं तर पोळं माशांनी झाकून गेलं होतं.

त्यांच्या वडिलांच्या वेळी ससा-तितराची शिकार सर्रास व्हायची. मामांनीही पोरवयात तितराचे फासे लावले होते. वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला तोही १९७२ सालीच, पण तो मामांच्या कानावर पोचायला बरीच वर्षं लागली असणार. त्यांनी फासे सोडले ते स्वतःच्या हिशेबानं. "खाणारी तोंडं वाढली, तितरं कमी झाली. मग कुणीतरी थांबावंच लागतंय," एवढंच त्यांचं म्हणणं. मासे मात्र ते धरत. पावसाळ्यात नदीला नवं पाणी आलं की गळ घेऊन तासन्‌तास बसायचे. मामी माळकरी. घरात मासळीचं नाव काढायचं नाही. मामांनी यावर कधी वाद घातला नाही. मळ्यात तीन दगडांची वेगळी चूल, वेगळं भगुनं, वेगळं उलथनं. स्वतः कालवण करायचे, आम्हाला वाढायचे, भांडी राखेनं घासून तिथंच झाडाला टांगायचे, विहिरीवर अंघोळ करायचे आणि मगच घराची पायरी चढायचे. चाळीस-पंचेचाळीस वर्षं हा नेम चालला. मामी म्हणायच्या, "त्यांनी माझी माळ पाळली." एकाच घरात दोन माणसांनी आपापल्या मनाप्रमाणे जगायचं आणि कुणालाच मन मारावं लागायचं नाही, याची यापेक्षा साधी रीत मी पाहिलेली नाही.

मामींना नाथषष्ठीला पैठणला जायचं होतं. इतर घरांत ती गोष्ट 'की'वर अडली असती. मामांनी भाकरी बांधल्या आणि मामींना घेऊन एसटीत बसले. मला सोबत नेलं. नाथांचं दर्शन झालं, मामींचे डोळे भरून आले. मग मामा म्हणाले, "आता माझ्या देवाला चला." नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, फुगवट्याकडं घेऊन गेले. जायकवाडी हे धरणाचं नाव मूळचं आमच्या बीड जिल्ह्यातल्या गावाचं. धरण तिथं व्हायचं होतं, ते पुढं पैठणला झालं आणि नाव तेवढं सोबत गेलं. १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. पाणी साठलं तसे तिथं दूरदूरचे पक्षी उतरू लागले, आणि १९८६ मध्ये तो जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. आम्ही गेलो तेव्हा उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा उभा होता. लांबून पांढरी रेघ दिसत होती. मग काहीतरी झालं आणि थवा उठला. पंख उघडले आणि त्या पांढऱ्या रेघेतून एकदम गुलाबी-लाल रंग बाहेर आला. मामींनी नकळत हात जोडले. कितीतरी वर्षांनी मामी मला म्हणाल्या, "पैठणला मला दोन दर्शनं झाली." त्या खेपेनंतर त्या दरसाल म्हणायच्या, चला ना. आणि मामा म्हणायचे, चला.

मामांची एक रात्र मात्र मी अशी ऐकून आहे की त्या रात्री ते बोलले नाहीत. २०१५ चा दुष्काळ. त्याआधीची सालंही कोरडीच गेली होती. विहिरीचा तळ उघडा पडला, कडबा संपला. पुढच्या एप्रिलात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच काळातली ही गोष्ट. मामांनी बैलजोडी बाजारात नेली आणि रिकामे परत आले. आल्यावर घुंगरमाळा खुंटीला अडकवल्या आणि अंगणात बाजेवर पडून राहिले. मामींनी ताट आणलं, तसंच परत नेलं. सकाळी नातू त्या माळांशी खेळायला लागला. मामी त्याला रागवायला निघाल्या, तर मामांनी अडवलं. एक माळ काढून त्याच्या गळ्यात घातली, दुसरी स्वतःच्या गळ्यात घातली आणि अंगणभर बैल होऊन पळाले. मामींनी मला हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पळताना रडत होते. पोराला वाटलं, बैल हंबरतोय."

हौशी माणसाला दुःख कळत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांना मी ही गोष्ट सांगते. त्यांना दुःख पुरेपूर कळत होतं. ते लेकरांच्या वाट्याला किती येऊ द्यायचं, हे ते ठरवत होते.

मामा गेले त्याच्या पुढच्याच महिन्यात, १८ जून २०२५ ला, सोलापुरात मारुती चितमपल्ली गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. वनखात्यात आयुष्य घालवलेल्या या माणसानं मराठीला 'पक्षिकोश' दिला, काकागार, सारंगागार असे शब्द दिले. त्यांचा जन्मदिवस, ५ नोव्हेंबर, महाराष्ट्रात पक्षी दिन म्हणून पाळला जातो. रानाची पहिली ओळख त्यांना आईकडून आणि मामाकडून झाली, हे त्यांच्या 'चकवाचांदण' या आत्मचरित्रात आहे. ती बातमी वाचताना मी त्या मामापाशीच थांबले. पुस्तकं भाच्यानं लिहिली, पण बोट धरून रानात नेणारा माणूस आधी होता. गावोगावी असे मामा असतात. त्यांच्यातल्या फार थोड्यांना लिहिणारा भाचा मिळतो.

आणि माझ्या मामांचं रान म्हणजे जंगल नव्हतंच. आमच्या जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, १९९४ मध्ये जाहीर झालेलं. पण तितर, लावा, टिटवी, ससा, काळवीट, लांडगा, यांतल्या बहुतेकांना अभयारण्य ठाऊक नाही. ते गायरानात, बांधावर, पडीक माळावर आणि कुणाच्यातरी वावरात राहतात. त्यांचं जगणं-मरणं त्या वावराच्या मालकावर अवलंबून असतं. कुठल्या बांधावरची बाभूळ राहते, कुठलं झुडूप पेटवलं जात नाही, वखराची पाळी घालताना कुणाचा हात थांबतो, यावर ते ठरतं. मामांनी कधी निसर्ग वाचवा असं म्हटलेलं मला आठवत नाही. ते म्हणायचे, "हे आपल्यातलेच हायेत. जागा लागतीय किती त्यांला?"

शेवटचे आठ महिने किडनीच्या आजारात गेले. गावातल्या घरी करमेना म्हणून त्यांनी बाज मळ्यातल्या खोलीत हलवायला लावली. चालता येईना, तेव्हा नातवाला कामाला लावलं. तो संध्याकाळी शाळेतून आला की पहिला प्रश्न, "आज काय पाह्यलंस?" काहीच नाही, हे उत्तर चालायचं नाही. मग पोरगं वाटेत नीट बघत यायला लागलं. कोतवालानं घारीला हाकललं. कुंभारकावळा पाणंदीत चालत होता. चिखलात कसलेतरी पाय उठलेत. मामा डोळे मिटून ऐकत आणि पायांचं वर्णन पुन्हा पुन्हा करून घेत. मग सांगत, कुणाचे ते.

वैशाखात एका रात्री दोनच्या सुमारास ते गेले. झोपेतच गेले. मामी उशाशी होत्या. निरोप कळताच गावातली माणसं बॅटऱ्या घेऊन, जवळची वाट म्हणून वावरातून चालत आली. त्याच वेळी टिटवी ओरडायला लागली. अंधारात, डोक्यावर घिरट्या घालत, थांबेचना. दारात जमलेल्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. टिटवी रात्री ओरडली की अशुभ, हे आमच्याकडं लहानपणापासून ऐकलेलं. "बघा, तिलाबी कळलं," असं कुणीतरी म्हणालं. मी पहाटे पोचले तेव्हा हेच मला सांगितलं गेलं, आणि पुढं दहा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं गेलं.

राक्षसभुवनहून आलो त्या संध्याकाळी मामींचं ते वाक्य ऐकून मला घरात बसवेना. मी मामांच्या नातवाला घेऊन वावरात गेले. पावसाच्या भीतीनं मशागतीची घाई सुरू होती आणि आदल्या दिवशी भाड्याचा ट्रॅक्टर येऊन रोटा मारून गेला होता. सगळं रान एकसारखं भुसभुशीत झालेलं. मधेच, गावाकडून येणाऱ्या पायवाटेच्या कडेला, बाजेएवढा एक तुकडा तसाच होता. उभी ढेकळं, वाळलेलं तण, पऱ्हाटीची दोन खुंटं. चारी बाजूंनी रोट्याची रेघ त्याच्यापाशी येऊन वळलेली होती.

"हे राहिलं कसं?" मी विचारलं.

पोरानं माझा हात धरून मला थांबवलं. "लांबूनच बघ, आत्या. टिटवी हाय."

ती आधी दिसलीच नाही. मग ढेकळांतून उठून पिवळ्या पायांनी पळत सुटली आणि ओरडायला लागली. तिनं सोडलेल्या जागी, जमिनीच्याच रंगाची चार अंडी होती, निमुळती टोकं आत करून ठेवलेली. मामा वखर हाकत तेव्हा अशा जागी बैल वळवून घेत, हे मी कितीदा पाहिलं होतं. अंडी कुठं आहेत याची खूण म्हणून ते जवळ एक काडी रोवत. इथंही काडी होती.

"तू रोवलीस?"

"न्हाई. ट्रॅक्टरवाल्यानं." तो म्हणाला, "त्याला काही सांगावंच लागलं न्हाई. उतरला, बघितलं, काडी लावली आन् वळवला. म्हणला, मामांचं वावर हाय."

ट्रॅक्टरवाला आमच्या नात्यातला नाही. त्याचे आईबाप ऊसतोडीला जायचे. आगटीच्या उजेडात ज्यांच्या ओंजळीत मामांनी दाणे घातले, त्यांतला तो एक.

टिटवी आमच्यावर घिरट्या घालत होती, अगदी त्या रात्री घातल्या असतील तशाच. गावातून येणारी माणसं याच पायवाटेनं आली होती. तिच्या अंड्यांजवळून इतके पाय अंधारात गेले, मग ती ओरडणारच. मामा असते तर दारातल्या बायकांना त्यांनी हेच सांगितलं असतं, आणि ते सांगताना हसलेही असते.

आम्ही मागं सरकलो. ती खाली उतरली, इकडं तिकडं पाहत थोडी चालली आणि अंड्यांवर जाऊन बसली. घरी आलो तेव्हा मामी अजून भिंतीला टेकूनच होत्या. मी त्यांच्याजवळ बसले. त्यांनी नातवाकडं पाहिलं. रोज तो प्रश्न विचारणारं माणूस आता घरात नव्हतं आणि पोरगं गप्प उभं होतं.

मग मामींनीच विचारलं, "आज काय पाह्यलंस?"